फळाचा रंग आणि फळाची पक्वता

(पवनार, जिल्हा वर्धा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आश्विन-कार्तिकाच्या सुमारास नागपूर-वर्धा मार्गाने प्रवास करणाऱ्याला रस्त्याकाठी संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. ही संत्री आंबिया बहाराची. त्यांतील पुष्कळ फळांची साल अद्याप हिरवी असते. गिऱ्हाईक असे फळ हाती घेते, उलटसुलट करून पाहते आणि पुन्हा ढिगावर ठेवते. शेजारच्या हातगाडीवर केळी असतात; ती एकसारखी पिवळीधमक दिसतात, म्हणून कोणी निरखूनही न पाहता डझनावारी नेतात. यातील विपर्यास असा की, नाकारलेले हिरवे संत्रे आतून गोड असण्याचा बराच संभव असतो, आणि भरवशाने नेलेले पिवळे केळे आतून करकरीत निघण्याचाही तितकाच संभव असतो.

रंग म्हणजे पक्वता, ही आपली फार जुनी समजूत आहे. शेतकरी, व्यापारी व ग्राहक हे तिघेही तिच्यावरच व्यवहार करतात. या समजुतीपायी संत्रा बागाइतदाराला हिरव्या फळाचा कमी भाव पत्करावा लागतो, आणि याच समजुतीचा फायदा घेऊन काही ठिकाणी केळी-आंब्यांच्या ढिगात कार्बाइडच्या पुड्या ठेवल्या जातात. म्हणूनच फळांवर वापरल्या जाणाऱ्या संजीवकांचा विचार करताना प्रथम रंग व पक्वता या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करून पाहणे अवश्य ठरते.

हा विषय पवनारात मांडण्याला एक औचित्य आहे. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी, आष्टी, कारंजा या भागांत संत्र्याच्या बागा आहेत. इकडे सेलू परिसरातील केळी एके काळी बाहेरच्या बाजारपेठांत नावाजलेली होती; पुढे त्या बागा बऱ्याच कमी झाल्या. आज येथे विकली जाणारी केळी बव्हंशी बाहेरून, हिरवी असतानाच मालमोटारींतून येतात आणि विक्रीपूर्वी पिकवली जातात. संत्रे आणि केळे ही दोन्ही फळे येथे घरोघरी परिचित आहेत, आणि निसर्गनियमाने ती अगदी भिन्न जातकुळीची आहेत.

पिकणे म्हणजे काय

हिरव्या केळ्याच्या गरात सुमारे वीस टक्के पिष्ट असते. केळे पिकू लागले की त्या पिष्टाची साखर होते; पूर्ण पिकल्यावर पिष्ट एक-दोन टक्क्यांवर येते. त्याच वेळी फळाचा श्वासोच्छ्वास एकाएकी वाढतो, गर मऊ पडतो, सुगंध सुटतो आणि सालीतील हरितद्रव्य नाहीसे होऊन पिवळा रंग उघडा पडतो. हे सारे झाडावरून काढल्यानंतरही घडते. आंबा, पपई, पेरू, चिकू, टोमॅटो ही फळे याच वर्गातील होत. आपल्या आजीबाईंनी आंब्याची अढी घातली ती या गुणधर्माच्या आधारावरच.

संत्र्याचे तसे नाही. संत्रे, मोसंबी, लिंबू, द्राक्ष, डाळिंब या फळांत साखरेत रूपांतर होईल असा पिष्टाचा साठा नसतो. झाडावर असताना पानांकडून जितकी साखर आली तितकीच. देठ तुटला की ती आवक थांबली. अढीत घाला, गवतात ठेवा वा औषधाच्या खोलीत ठेवा, तोडणीच्या क्षणी आंबट असलेले संत्रे त्यानंतर गोड होत नाही. सालीचा रंग मात्र नंतरही बदलू शकतो, आणि सगळी गफलत येथेच होते.

संत्र्याच्या सालीचा हिरवा रंग जाण्यास थंडी लागते. रात्रीचे तापमान उतरू लागले की सालीतील हरितद्रव्याचा ऱ्हास होतो व मुळातच तेथे असलेली केशरी-पिवळी द्रव्ये प्रकट होतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तोडणीस येतात. ऑक्टोबरात विदर्भातील रात्री अजून उबदार असतात, त्यामुळे आतील रस तयार झाला तरी साल हिरवी राहते. मृगाची फुले जून-जुलैमधील. ती फळे पौष-माघाची थंडी अंगावर घेऊन फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान बाजारात येतात, म्हणून त्यांना रंग चांगला चढतो. उष्ण कटिबंधातील ज्या प्रदेशांत थंडी पडतच नाही तेथे पूर्ण पक्व संत्रीही हिरव्याच सालीची असतात व तेथील लोक ती आनंदाने खातात. उलट व्हॅलेन्सियासारख्या जातीत झाडावर जास्त काळ राहिलेले केशरी फळ वसंतात पुन्हा हिरवट होते! एवढ्यावरून सालीच्या साक्षीचे मोल किती, हे ध्यानात यावे.

धूर, स्टोव्ह आणि वायू

वनस्पती आपल्या वाढीचे नियमन करण्यासाठी स्वतःच काही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात तयार करतात. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲबसिसिक आम्ल आणि इथिलीन ही त्यांतील प्रमुख. ही द्रव्ये, किंवा त्यांच्यासारखे कार्य करणारी कारखान्यात बनवलेली द्रव्ये, बाहेरून दिली म्हणजे त्यांना आपण वाढ-नियंत्रके अथवा संजीवके म्हणतो. ती खते नव्हेत. झाडाला त्यांपासून अन्न मिळत नाही. झाडाला केवळ एक आज्ञा मिळते. आज्ञा चुकीच्या वेळी मिळाली तर झाड ती चुकीच्या वेळीही पाळते.

पिकण्याची आज्ञा देणारे द्रव्य इथिलीन हे होय, आणि ते वायुरूप आहे. त्याच्या शोधाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १९०१ साली सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण संशोधकाने पाहिले की, प्रयोगशाळेत वाढवलेली वाटाण्याची रोपे वाकडी व खुरटी होतात, स्वच्छ हवेत मात्र सरळ वाढतात. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूतील इथिलीन हे त्याचे कारण त्याने शोधून काढले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिंबांचे व्यापारी हिरवी लिंबे पिवळी करण्यासाठी ती बंद खोल्यांत ठेवीत व तेथे केरोसीनचे स्टोव्ह पेटवीत. उष्णतेने रंग येतो, असा सर्वांचा समज होता. काहींनी स्टोव्ह काढून वाफेच्या नळ्यांनी खोल्या तापवल्या, तेव्हा उष्णता तीच असूनही रंग येईना. १९१२ मध्ये सिव्हर्स व ट्रू यांनी दाखवून दिले की काम करतो तो स्टोव्हचा धूर. आणि १९२४ मध्ये डेनी यांनी त्या धुरातील नेमके द्रव्य इथिलीन असल्याचे सिद्ध केले. पुढे दहा वर्षांनी, १९३४ मध्ये, इंग्लंडात गेन यांनी पिकणारे सफरचंद स्वतःच हा वायू तयार करते, हे पुराव्यानिशी मांडले.

केळीच्या वखारीत घडांना गोवऱ्यांची वा पाल्याची धुरी देण्याची आपल्याकडील पद्धत आणि कॅलिफोर्नियातील तो स्टोव्ह, यांत तत्त्वतः काहीच भेद नाही. धुरात अल्पसे इथिलीन असते, ते फळांना मिळते. या पद्धतीचा दोष एवढाच की धुरात इतरही पुष्कळ काही असते व उष्णतेवर ताबा राहत नाही.

संत्रे व केळे यांचा जोडीने उल्लेख असलेली एक नोंद या इतिहासात आहे. १९१० मध्ये जमैका बेटावरील कझिन्स या अधिकाऱ्याने सूचना केली की, जहाजात संत्री व केळी एकत्र ठेवू नयेत. संत्र्यांतून निघणाऱ्या वायूने केळी अकाली पिकतात. निरीक्षण अचूक होते. मात्र निरोगी संत्रे इथिलीन फारच थोडे सोडते. हिरव्या बुरशीने सडलेले संत्रे ते मोठ्या प्रमाणात सोडते, आणि त्या जहाजांत बहुधा अशीच फळे असावीत, असे पुढील अभ्यासकांनी म्हटले आहे. एकाच मोटारीत संत्री व हिरवी केळी भरणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनी सडकी फळे वेचून काढली तर कझिन्स साहेबांची सूचना शतकानंतरही उपयोगी पडेल.

संत्र्याच्या बागेत

संत्र्यावर संजीवकांचा सर्वांत रास्त उपयोग फळगळ थोपवण्यासाठी होतो. जिबरेलिक आम्ल किंवा टू-फोर-डी यांची अत्यंत सौम्य फवारणी, दहा ते पंधरा पीपीएम इतकी, बहुधा एक टक्का युरियाबरोबर, विदर्भात बराच काळ शिफारशीत आहे. नागपूर येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या व आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या व अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात या द्रव्यांचा अंतर्भाव असतो. फवारणीची वेळ व मात्रा त्या-त्या वर्षीच्या सल्ल्याप्रमाणेच ठरवावी. दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर नव्हे.

येथे पीपीएम या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण बहुतेक नुकसान या एका शब्दापोटी होते. पीपीएम म्हणजे दशलक्षांश भाग. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम द्रव्य म्हणजे एक पीपीएम. त्या हिशेबाने शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम द्रव्य टाकले की दहा पीपीएमचे द्रावण होते, दीड ग्रॅम टाकले की पंधराचे. पंधरा लिटरच्या पंपाला दहा पीपीएमसाठी दीडशे मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे ग्रॅमचा जवळजवळ सातवा हिस्सा. एवढे वजन घरच्या तराजूत तोलता येत नाही. मग चिमटीने अंदाज केला जातो, आणि अंदाज दहापट चुकला तरी डोळ्यांना कळत नाही. यावर साधा उपाय म्हणजे एका पंपापुरते द्रावण न करता एकदम दोनशे लिटरच्या टाकीचे द्रावण करणे. जिबरेलिक आम्ल पाण्यात सहज विरघळत नाही. ते प्रथम थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळतात. पुडीवर शेकडा प्रमाण काय लिहिले आहे तेही पाहावे लागते, कारण नव्वद टक्के शुद्धतेच्या पुडीतील एक ग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात नऊशे मिलिग्रॅमच. सातवी-आठवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हा हिशेब उदाहरणादाखल घेतला तर तो मुलांच्या मार्फत बागेपर्यंत पोहोचेल.

टू-फोर-डीबाबत वर्धा जिल्ह्याला आणखी एक सावधगिरी अपरिहार्य आहे. हेच द्रव्य मोठ्या मात्रेत तणनाशक म्हणून वापरले जाते, आणि कपाशी त्याला विलक्षण नाजूक आहे. वाऱ्याबरोबर उडालेले तुषार शेजारच्या कपाशीवर पडले तरी तिची पाने चिंधीसारखी लांबट, चिरलेली होतात व पातेगळ होते. संत्र्याच्या बागेला लागून पऱ्हाटीचे शेत ही येथील नित्याची मांडणी. त्यामुळे वारा असताना ही फवारणी करू नये, आणि या कामाचा पंप कपाशीवरील कोणत्याही फवारणीसाठी वापरू नये. बांधावरील भांडणे ग्रामपंचायतीत येतात, तेव्हा त्यांचे मूळ कधी कधी अशा न धुतलेल्या पंपात सापडते.

आता रंगाकडे वळू. जिबरेलिक आम्लाचा एक गुण असा की ते सालीचे तारुण्य टिकवते. फळगळ थांबवण्यासाठी योग्य वेळी दिले तर ते हितकारक. परंतु फळ रंग बदलण्याच्या बेतात असताना दिले तर हरितद्रव्य जाण्याचे काम लांबते. म्हणजे फळाला तेज यावे म्हणून केलेल्या उशिराच्या फवारणीनेच फळ अधिक दिवस हिरवे राहते. उशिरा दिलेल्या जास्त नत्राचाही परिणाम असाच होतो. याच्या अगदी उलट दिशेचे द्रव्य म्हणजे इथेफॉन. वनस्पतीच्या पेशीरसात गेल्यावर त्याचे विघटन होऊन इथिलीन बाहेर पडते. ते झाडावर फवारले तर रंग लवकर येईल हे तर्कशुद्ध वाटते, परंतु संत्र्याचे झाड त्या आज्ञेने फळाला रंग देते तशीच पानेही गाळते, आणि किती पाने गळतील हे त्या दिवसांच्या तापमानावर अवलंबून राहते. डाळिंबाच्या बहार-नियोजनात सोलापूरकडील बागाइतदार पानगळीसाठीच इथेफॉन वापरतात. जे एका पिकात हवे तेच दुसऱ्यात घातक, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण.

तोडलेल्या संत्र्यांचा हिरवेपणा घालवण्याची शास्त्रीय रीत निराळी आहे. बंद खोलीत इथिलीन वायू पाच ते दहा पीपीएम इतक्याच प्रमाणात सोडतात, हवेत नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रता ठेवतात, तापमान सत्तावीस ते एकोणतीस अंशांच्या आसपास राखतात आणि साठणारा कर्बवायू खेळत्या हवेने बाहेर काढतात. एक ते तीन दिवसांत साल पिवळसर केशरी होते. वायूचे प्रमाण वाढवले म्हणजे काम लवकर होते असे नाही. उलट देठाची टोपी गळते व तेथून सड शिरते. या प्रक्रियेने गोडी तिळमात्र वाढत नाही. म्हणून ती फक्त रस तयार झालेल्या फळांनाच द्यावी. सप्टेंबरात भाव चढा म्हणून कच्ची फळे तोडून त्यांना रंग दिला, तर पहिल्या आठवड्याचा नफा पदरात पडतो खरा. पण नागपुरी संत्रे म्हणून केशरी फळ विकत घेऊन आंबट तोंड करणारे दूरच्या शहरातील गिऱ्हाईक पुढील तीन महिने संत्र्याकडे वळत नाही. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाची किंमत सालीवर नव्हे, रसावर ठरते.

रस तयार झाला की नाही हे पाहण्यास फार मोठी यंत्रणा लागत नाही. बागेच्या चार कोपऱ्यांतील व मध्यावरील झाडांची काही फळे काढून चाखावीत, सालीचे सुटेपण पाहावे, आणि शक्य असेल तर रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या हातात मावणाऱ्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर टाकून साखरेचा अंश वाचावा. तो साधारणतः दहाच्या पुढे गेलेला असावा व आंबटपणा उतरलेला असावा. असे एखादे उपकरण गावाच्या शेतकरी गटाने सामाईक घेतले तर व्यापाऱ्याशी बोलताना बागाइतदाराच्या हाती एक आकडा असतो. हिरवी साल पाहून भाव पाडणाऱ्याला तो आकडा दाखवता येतो.

द्राक्षाचा उल्लेख येथे ओझरताच करावयास हवा. नाशिक भागात जिबरेलिक आम्लाने मण्यांचा आकार वाढवतात. या द्रव्याचा माग १९२६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांना लागला तो भाताच्या रोगातून: बुरशी लागलेली रोपे नको तितकी उंच वाढून कोलमडत, ते कशाने याचा शोध घेताना. कोकणात हापूसच्या झाडांना मोहोर वेळेवर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल देतात. ते वाढ रोखणारे द्रव्य होय व फळाच्या रंगाशी त्याचा थेट संबंध नाही.

वखारीतील केळी

केळ्याला बाहेरून इथिलीन देणे हे फसवणुकीचे काम नाही. फळ जे पुढे स्वतःच करणार असते त्याचा आरंभ सर्व घडांत एकाच दिवशी व्हावा, एवढाच त्याचा हेतू. सुधारित पिकवण-खोलीत तापमान सोळा ते अठरा अंश, आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर आणि इथिलीन शंभर पीपीएमपर्यंत, असे एक ते दोन दिवस ठेवतात. नंतर खोली उघडून हवा बदलतात. चार-पाच दिवसांत माल विक्रीयोग्य होतो. एकदा आरंभ झाला की फळ स्वतःच इथिलीन तयार करू लागते.

येथेही रंग फसवतो. तापमान तिशीच्या वर गेले की केळ्याचा गर मऊ व गोड होतो, पण सालीतील हरितद्रव्य नीट जात नाही. चैत्र-वैशाखात घरी ठेवलेली केळी वरून हिरवट राहून आतून लिबलिबीत होतात ती यामुळे. आणि तेरा अंशांच्या खाली गेल्यास साल काळवंडते. म्हणून केळी शीतकपाटात ठेवू नयेत, हा गृहिणींचा अनुभव शास्त्राला धरून आहे.

कार्बाइडचा मार्ग या सर्वांहून निराळा. कॅल्शियम कार्बाइडला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू निघतो. तो वेल्डिंगच्या कामाचा. इथिलीनशी त्याचे थोडे साम्य असल्याने फळाला तो पिकण्याची आज्ञा देतो, परंतु कित्येक पटींनी क्षीण. मग पुड्यांची संख्या वाढते. बाजारात मिळणाऱ्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात व त्यांपासून विषारी वायू निर्माण होतात. हाताळणाऱ्या हमालाच्या डोळ्यांना, त्वचेला व श्वासाला प्रथम त्रास होतो. खाणाऱ्याचा क्रम नंतर लागतो. शिवाय ॲसिटिलीन स्फोटक आहे. कोवळे, नीट न भरलेले फळही कार्बाइडने पिवळे दिसते, आणि बेजबाबदार व्यापाऱ्याला त्याचे आकर्षण नेमके याचसाठी.

कायदा याबाबत सुस्पष्ट आहे. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतही कार्बाइडने पिकवलेल्या फळांच्या विक्रीस मनाई होती. २०११ च्या अन्न सुरक्षाविषयक विनियमांत ती कायम राहिली. २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने इथिलीन वायू शंभर पीपीएमच्या मर्यादेत वापरण्यास मोकळीक दिली. इथेफॉनच्या द्रावणात फळे बुडवणे मात्र या मोकळिकीत बसत नाही. इथेफॉनपासून वेगळ्या भांड्यात वायू निर्माण करून तो फळांना देता येतो. द्रव्याचा फळाला प्रत्यक्ष स्पर्श होता कामा नये. मे २०२५ मध्ये प्राधिकरणाने राज्यांना कार्बाइड व इथेफॉनमध्ये बुडवणे या दोन्ही प्रकारांवर करडी नजर ठेवण्यास पुन्हा सांगितले. वायू निर्माण करण्याच्या कृतीत दाहक अल्कली लागते, म्हणून ती प्रशिक्षणाशिवाय कोणी करून पाहू नये.

फळ पाहून कार्बाइड ओळखता येते काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. एकसारखा पिवळा रंग व हिरवा देठ ही कार्बाइडची खूण, असे सर्रास सांगितले जाते. ते विश्वसनीय नाही. इथिलीनने योग्य रीतीने पिकवलेल्या केळ्याचाही एका अवस्थेत देठ व टोक हिरवे असते आणि रंग एकसारखाच असतो. उलट तीच विक्रीची उत्तम अवस्था. या खुणेच्या भरवशावर प्रामाणिक वखारवाल्यावर आळ येतो आणि अप्रामाणिक सुटतो. पुरावा फळात शोधण्यापेक्षा जागेवर शोधावा: क्रेटच्या तळाशी कागदी पुड्या, फळांवर करडी-पांढरी भुकटी, लसणासारखा उग्र दर्प. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील फळविक्रेत्याकडे अन्न व्यवसायाची नोंदणी वा परवाना आहे का हे विचारता येते, माल कोठे पिकवला हे विचारता येते, आणि शंका असल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवता येते. आठवडी बाजाराच्या दिवशी दोन सदस्यांनी नुसते विचारण्यास आरंभ केला तरी पुष्कळ पुड्या आपोआप अदृश्य होतील. अर्थात विचारणे म्हणजे छापा नव्हे. नमुना घेण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचाच.

शिक्षकांचाही या प्रश्नाशी निकटचा संबंध आला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातील शालेय पोषण आहारात अंडी, व अंडी न खाणाऱ्या मुलांसाठी केळी अथवा स्थानिक फळ देण्याचे ठरले, तेव्हा गावोगावच्या शाळांवर केळी विकत घेण्याची जबाबदारी आली. कोणत्याही निमित्ताने शाळेसाठी फळे घेताना ती दोन-तीन दिवस आधी, अर्धवट हिरवी घेऊन शाळेतच पिकू देणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. त्यास खर्च नाही, केवळ पूर्वनियोजन लागते.

पवनारात एक आक्षेप निघणे स्वाभाविक आहे. आचार्य विनोबा भावे यांनी १९५० च्या सुमारास येथेच, धाम नदीच्या काठी, बैलही न वापरता केवळ हाताच्या श्रमाने शेती करण्याचा प्रयोग केला. अशा गावात फळांना वायू देण्याचे समर्थन कशासाठी? या आक्षेपाची थट्टा करणे अनुचित होईल. परंतु कृत्रिम व नैसर्गिक यांमधील रेघ येथे नेमकी कोठे पडते ते पाहावे. अढीतील आंबा ज्या वायूने पिकतो तोच वायू पिकवण-खोलीत असतो. भेद मोजमापाचा आहे. कार्बाइडचा वायू कोणतेही फळ स्वतः तयार करत नाही. आणि ज्यांना बाहेरचा वायूही नको असेल त्यांच्यासाठी अढीचा मार्ग खुला आहेच: भरलेली, कडा गोलावलेली केळी वा पाड लागलेल्या झाडाचे आंबे कोरड्या गवतात, मध्ये एक-दोन पिकलेली फळे ठेवून, दोन-तीन दिवस झाकले की काम होते. थोडा माल असेल तर ही पद्धत आजही उत्तम आहे. मालमोटार भरून केळी असतील तर ती पुरी पडत नाही, हेही मान्य करावे लागते.

विज्ञानाच्या तासाला या साऱ्याचा पडताळा घेता येईल. झाकणाचे तीन डबे घ्यावेत व एकाच फणीतील हिरवी केळी तिन्हींत सारखी वाटावी. पहिल्यात केवळ केळी, दुसऱ्यात त्यांच्यासोबत एक पिकलेले केळे, तिसऱ्यात एक सडू लागलेले संत्रे ठेवावे. झाकणे दिवसातून एकदा उघडून हवा बदलावी आणि रंग, मऊपणा व वास यांची नोंद मुलांनी वहीत करावी. दुसऱ्या व तिसऱ्या डब्यातील केळी पहिल्याच्या आधी पिवळी होतील. सडलेल्या फळाच्या डब्यातील केळी मुलांना खाऊ देऊ नयेत. हा प्रयोग दिवाळीनंतर, हवा थंडावल्यावर करावा. उन्हाळ्यात केल्यास तिन्ही डब्यांतील साली हिरवट राहून गर मऊ पडण्याचा संभव आहे, आणि मग मुलांना ते तसे का झाले हेही समजावून सांगावे लागेल.